रिकाम्या लिफाफ्याला रंग नसतो

जियाची वडिलांबद्दलची पहिली आठवण म्हणजे त्यांचा उजवा हात, कोपरापर्यंत कापसात गेलेला. दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, तिचे वडील नजीरचाचा ग्रेडर होते. फाटकातून कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, आत आली की शेतकरी, दलाल, हमाल सगळे जरा मागे सरायचे आणि चाचा बंडीच्या बगलेतून हात आत घालायचे. वरच्या कापसाकडे ते पाहायचेसुद्धा नाहीत. "ऊपर का तो सब अच्छाच रखते, बेटा," असं ते लेकीला सांगायचे. आतल्या आत मूठ वळायची, ओल तळव्याला कळायची, धागा दोन बोटांत ताणला जायचा. मग हात बाहेर येई आणि खडूनं बंडीच्या फळीवर एक अक्षर उमटे. बंडी रिकामी करून कापूस ढिगावर ओतायचा आणि मग पारखायचा, असं त्यांनी कधी केलं नाही. तसं केलं असतं तर दिवसाला चार बंड्या झाल्या असत्या आणि कोणता कापूस कोणाचा हेही कळलं नसतं. पारख कापसापाशी आत जायची आणि तिचं उत्तर त्याच बंडीवर राहायचं. बंडी असो, गोणी असो की मेटॅडोर, पारख तीच.

त्या फाटकावर एक मुनीमही बसायचा. हंगामात रांग सडकेपर्यंत गेली की तो चाचांना म्हणायचा, "एकाच घरच्या दोन बंड्या असल्या त दुसरीवर मागीलप्रमाणे लिहून टाकत जा ना, चाचा." चाचा ऐकायचे नाहीत. एकदा ते जेवायला गेले असताना मुनिमानंच खडू हातात घेतला. चाचा परतले तेव्हा एक उतरवून झालेली, साफ रिकामी बंडी फाटकाबाहेर निघाली होती आणि तिच्या फळीवर अक्षर होतं. तिच्या पुढच्या बंडीवर होतं, तेच. जिया तेव्हा आठ वर्षांची होती. ती हसायला लागली. चाचा हसले नाहीत. त्यांनी बाहीनं ते अक्षर पुसलं आणि म्हणाले, "खाली बंडीले ग्रेड रायते का?" मग जेवणाच्या वेळात आत आलेल्या सगळ्या बंड्या त्यांनी पुन्हा थांबवल्या, रांगेनं, एकेक. मुनीम चरफडत राहिला. एक चूक सापडली म्हणून ते एकीवर थांबले नाहीत, हे जियाला फार उशिरा आठवलं. ते का आठवलं, हेच मला सांगायचं आहे.

बोंडअळीच्या वर्षांत ते जिनिंग बंद पडलं. चाचांचा हात घरी बसला. बोलता बोलता त्यांचा अंगठा आणि तर्जनी अजूनही एकमेकांवर घासत असतात, नसलेला धागा ताणत असतात. जियानं यवतमाळला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि लोहाऱ्याच्या एमआयडीसीत धरमसिंग राठोडांच्या कंपनीत लागली. कंपनी म्हणजे बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारातल्या दोन खोल्या आणि चार मशीन, म्हणजे कॉम्प्युटर. धरमसिंगभाऊ स्वतः तांड्यावरून शिकून वर आलेले, माणूस वाईट नाही, पण कोणतंही काम 'कालच पाहिजे होतं' असं घ्यायचे. मी मराठीत एम. ए. करून नोकरीची वाट पाहत होते. नावं टाइप करायला त्यांनी मला ठेवलं.

जियाला एक वेड होतं. हास्केल नावाची एक भाषा ती इंटरनेटवरचे धडे ऐकून शिकली होती. आमच्याकडे ती कोणालाच येत नव्हती. कमी लिहावं लागतं आणि लिहिलेलं खोटं बोलत नाही, असं ती म्हणायची. दुसरं म्हणणं मला तेव्हा शाळकरी वाटलं होतं.

२०१८ च्या जूनमध्ये आमच्याकडे एक काम आलं. आदल्या वर्षी जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना माणसं पटापट पडली होती. काही दवाखान्यातून घरी आलीच नाहीत. म्हणून एका संस्थेनं राळेगावकडच्या काही गावांत तपासणीची मोहीम काढली. फवारणी करणाऱ्या माणसाचं रक्त हंगामाआधी जूनमध्ये एकदा घ्यायचं, ऐन फवारणीत ऑगस्टमध्ये दुसऱ्यांदा. विष अंगात भिनलं की रक्तातलं एक द्रव्य खाली येतं. दोन आकड्यांत ठरावीक मर्यादेपलीकडे फरक पडला की लाल चिठ्ठी, म्हणजे या माणसानं पंप उचलायचा नाही. नसेल तर हिरवी. नियम मोहिमेच्या डॉक्टरांनी लिहून दिला होता. प्रत्येक माणसामागे दोन खाकी लिफाफे, वर नाव आणि गाव, आत प्रयोगशाळेचा कागद. माणसं चारशे बारा.

सगळ्या नावांचे लिफाफे रक्त घ्यायच्या शिबिराच्या आदल्या दिवशीच चिकटवून तयार ठेवत. म्हणजे लिफाफा असे, पण आत कागद असेलच असं नव्हतं.

जियानं ते काम कसं बांधलं हे भाऊंना समजावताना मी बाजूलाच बसले होते.

"हा डॉक्टरांचा नियम," ती म्हणाली. "याले दोन आकडे द्या, हा रंग सांगते. लिफाफा म्हणजे काय ते याले ठाऊक नाही."

"मग लिफाफ्यातून आकडे काढून देऊ त्याले."

"रिकामा असला त काय काढसान, भाऊ?"

भाऊंनी टेबलावरचा एक लिफाफा उचलून उजेडात धरला.

"म्हणून आकडा बाहेर नाही आणायचा. नियमालेच उचलून लिफाफ्याच्या आत न्याचं. दोन्ही लिफाफे भरले असले त आतल्या आत रंग तयार होते. दोनातला एकही रिकामा असला त निघते तोही रिकामा. याले लिफ्ट करणं म्हणतात."

"लिफ्ट!" भाऊंनी छताकडे पाहिलं. "आपल्या बिल्डिंगले त दुसरा मजलाच नाही, मॅडम."

जिया हसली, पण थांबली नाही. डॉक्टरांच्या नियमाचा एक शब्दही आपण बदललेला नाही, हे तिला पुन्हापुन्हा सांगायचं होतं. नियम साध्या दोन आकड्यांचा. तो उचलला की लिफाफ्यांच्या जोडीवर चालतो. ते जोडीवरचं काम पुन्हा उचललं की गावाच्या पुऱ्या गठ्ठ्यावर चालतं, गठ्ठा दहाचा असो की चारशेचा. आणि एक गोष्ट कधीच बदलत नाही. जेवढ्या जोड्या आत गेल्या तेवढीच उत्तरं बाहेर येणार, ज्याची त्याच्या जागी. जिथं काही नव्हतं तिथं काही उगवणार नाही.

"अब्बा हेच करत होते," ती मला नंतर म्हणाली. "फक्त त्यायले लिफ्ट म्हणतात हे माहीत नव्हतं."

त्याच आठवड्यात भाऊंना दुसऱ्या एका कामासाठी तिनं एक छोटी सोय शिकवली. लिफाफा भरलेला असेल तर आतली वस्तू द्यायची आणि रिकामा असेल तर आपण सांगू ती बदली वस्तू द्यायची. एखाद्यानं फोन नंबर लिहिला नसेल तर त्या जागी 'नाही' छापायचं, एवढ्यापुरती ती सोय होती. भाऊंना ती फार आवडली. एका ओळीत काम व्हायचं.

ऑगस्टचे लिफाफे आले. भरलेले तीनशे एक्कावन्न, रिकामे एकसष्ट. कुठं रक्त घ्यायच्या नळ्या संपल्या होत्या, कुठं पावसानं गाडी पोचली नव्हती. जियाच्या यादीत हिरवे, लाल आणि एकसष्ट जागा कोऱ्या निघाल्या. यादी संस्थेकडे गेली आणि जिया बकरी ईदसाठी दिग्रसला गेली.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या माणसाचा फोन आला तेव्हा मी समोर होते. त्याचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. अहवाल वर पाठवायचा आहे, रंग दोनच ठरले आहेत, मध्ये भोकं दिसता कामा नयेत. भाऊ म्हणाले, "पण साहेब, ऑगस्टचा आकडाच नाही त्यायचा."

"जूनचा आहे ना? मागीलप्रमाणे धरा."

फोन ठेवून भाऊ मशीनसमोर बसले आणि एक ओळ लिहिली. ऑगस्टचा लिफाफा रिकामा असेल तर बदली म्हणून जूनचा आकडा घ्यावा. झालं. आता प्रत्येक जोडी भरलेली. जूनच्या आकड्यातून जूनचाच आकडा वजा केल्यावर फरक कुठून येणार? एकसष्ट माणसं एका क्षणात ठणठणीत झाली. मी ते पाहिलं आणि मला त्यात काही खटकलं नाही. ही कबुली इथं लिहिल्याशिवाय मला पुढं लिहिता येणार नाही. नावांचं शुद्धलेखन मी दोनदा तपासलं होतं.

चिठ्ठ्या छापल्या, वाटल्या गेल्या. जिया आठवडाभरानं परतली तोवर दुसरी कामं येऊन पडली होती. तिला कोणी काही सांगितलं नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी दुपारी एक बाई दारात उभी राहिली. पायात चिखल, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली हिरवी चिठ्ठी. मागं एक उंच, वाळका माणूस भिंतीला टेकून.

"मशीन कोणती आहे?" तिनं विचारलं.

"कोणती मशीन, ताई?"

"हे चिठ्ठी काढनारी. संस्थेत गेलतो त ते म्हणे आमी नाही काढली, मशीननं काढली, मशीन लोहाऱ्याले आहे. दाखवा मले."

तिचं नाव नलू. सोबतचा तिचा नवरा भीमराज, राळेगावजवळच्या एका गावी सालदार. म्हणजे वर्षभरासाठी एकाच मालकाच्या शेतात बांधलेला, मालक सांगेल ते काम. ऑगस्टमध्ये दोनदा फवारणी करताना तो पडला होता. डोळ्यांपुढं अंधारी यायची, घास हातातून निसटायचा. शिबिराच्या दिवशी रांगेत तो तीन तास उभा होता आणि त्याच्या पुढच्या माणसापाशी नळ्या संपल्या.

"याचं रक्त घेतलंच नाही," नलू म्हणाली. "मग याचं रक्त चांगलं आहे, हे पाह्यलं कोणी?"



"हिरवं झालं असन ना माह्यं रक्त," भीमराज भिंतीपासून म्हणाला. "म्हणून हिरवी चिठ्ठी."

"तुमी गप राहा हो." ती त्याच्याकडे वळलीही नाही. "उद्या पहाटे मालकाच्या बारा एकरात औषध मारायचं आहे. मी म्हटलं, यायची तब्येत बरी नाही. त मालक म्हणते, सरकारी चिठ्ठी हिरवी आहे, आता कायचा बहाणा? चिठ्ठी नसती त मी भांडली असती. चिठ्ठीसंग कशी भांडू?"

चिठ्ठी सरकारी नव्हती. पण शिक्का गोल होता, आणि गोल शिक्क्यापुढं आमच्या जिल्ह्यात बाईमाणसाचं डोळ्यांनी पाहिलेलं चालत नाही. आठ आठ दिवस नवऱ्याला उलट्या होताना पाहणारी बाई एकीकडे आणि न घेतलेल्या रक्ताचा निकाल एकीकडे. लोकांनी निकाल मानला. तो छापलेला होता.

जियानं कपाटातून गठ्ठा काढला. भीमराजचा जूनचा लिफाफा भरलेला, ऑगस्टचा रिकामा. तिनं तो उलटा करून टेबलावर आपटला. मग मशीनवर ती ओळ शोधली. शोधायला वेळ लागला नाही. तिनंच शिकवलेली होती.

"भाऊ, हे काय आहे?"

धरमसिंगभाऊ चष्मा पुसत राहिले. "वरून फोन आलता. तू नोयती."

"मी नोयती म्हणून याचं रक्त तपासून झालं?"

"अवाज कमी कर. साऱ्या जगात असंच चालते. एखादी माहिती नसली त मागची धरतात. तूच त शिकवलं."

"फोन नंबर नसला त 'नाही' छापा म्हणून शिकवलं होतं! 'नाही'च्या जागी 'चांगला आहे' छापा म्हणून नाही." तिचा आवाज कमी झाला नाही. "एकसष्ट रिकामे आत गेले, भाऊ. बाहेर किती रिकामे आले? एकही नाही. मग ते एकसष्ट भरले कुठून? कोणत्या नळीतून? नियम आत न्याच्या ऐवजी तुमी लिफाफाच फाडला. फाडला आणि वरून चिकटवला."

"आता वाटून झाल्या चिठ्ठ्या. मी काय करू?"

"यायले नवी द्या. पांढरी."

"मले अधिकार नाही त्याचा."

"हिरवी द्याचा होता?"

भाऊ उठून बाहेर गेले. नलूला या भांडणातलं किती कळलं कोण जाणे, पण लिफाफा रिकामा आहे हे तिनं पाहिलं होतं. शेवटची एस. टी. साडेचारची होती. जियानं भीमराजचा तो रिकामा लिफाफा तिच्या हातात दिला.

"मालकाले हाच दाखवा, नलूताई. म्हणा, वर नाव आहे, आत काहीच नाही. ज्यानं रंग सांगितला त्यानं हात घालून पाह्यला नाही."

बुधवारी नलूचा फोन आला. मालकानं लिफाफा उलटसुलट केला, फुंकर मारून आत पाहिलं. मग म्हणाला, बरं, तू राहू दे. माणूस वावरात मेला तर आपल्यावर येईल, एवढं त्याला कळत होतं. भीमराज घरी बसला. जियानं फोन ठेवला आणि भांडण झाल्यापासून पहिल्यांदा भाऊंनी आणलेला चहा घेतला.

शुक्रवारी पुन्हा फोन आला. नलूचाच.

"मारोती पडला," ती म्हणाली.

मारोती शेजारच्या घरचा. मालकाला कोणीतरी पाहिजेच होतं. त्यानं गावात विचारलं, हिरवी चिठ्ठी कोणाकडे आहे? मारोतीकडे होती. तोही सकाळी जाताना म्हणाला होता, चिठ्ठी आहे त जातो. दुपारी तो पंपासकट सरीत आडवा झाला. तोंडाला फेस. ऑटोत टाकून दवाखान्यात नेला.

जियानं गठ्ठा काढला. मारोतीचा ऑगस्टचा लिफाफा मी शोधून दिला; तो रिकामा आहे हे तिनं उघडण्याआधीच मला कळलं होतं. बोटांना लिफाफ्याची जाडी कळते.

तिनं तो उघडून पाहिला आणि टेबलावर ठेवला. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. तिनं दिग्रसला फोन लावला आणि वडिलांना विचारलं, "अब्बा, मुनिमानं खाली बंडीवर ग्रेड लिहिला होता त्या दिवशी तुमी किती बंड्या परत पाह्यल्या?"

पलीकडून चाचा म्हणाले, "सब. काहून?"

"मी एकच पुसली, अब्बा." एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला.

मग ती माझ्याकडे वळली, पण बोलत होती स्वतःशीच. "मी शिकवते काय आणि करते काय. एका जोडीवर बरोबर केलेलं काम उचलून पुऱ्या गठ्ठ्यात न्याचं, एवढंच त आहे. भीमराजचा हात सोडवला आणि मारोतीचा त्याच चरकात दिला. साठ लिफाफे कपाटात होते. मी कपाट लावलं आणि चहा पेली."

हा तिचा दोष होता, असं मला आजही वाटत नाही. ज्यांचा दोष होता त्यांच्यातल्या एकालाही त्या दिवशी घास कडू लागला नसेल. 'मागीलप्रमाणे धरा' म्हणणाऱ्या त्या माणसाला भाऊंनी माझ्यासमोर फोन लावला, मारोतीचं सांगितलं. तो म्हणाला, "एक केस आहे. आता यादी मागं घेतली तर मोहिमेचं नाव खराब होईल." मोहिमेचं नाव! फेस मारोतीच्या तोंडाला आला होता आणि हा माणूस मोहिमेचं तोंड पुसत होता.

जियानं साठ रिकामे लिफाफे भाऊंच्या टेबलावर मांडले, एकेक, नाव वर करून. टेबल भरलं तेव्हा खुर्चीवर, मग जमिनीवर. भाऊ वाचत गेले. सातव्या की आठव्या नावापाशी ते थबकले. गुलाबसिंग. त्यांच्याच तांड्यावरचा, नात्यातला.

"याचाही?"

"याचाही."

भाऊंनी खुर्ची ओढली आणि ती ओळ स्वतःच्या हातानं काढून टाकली. मग काम पुन्हा चालवलं. चारशे बारा जोड्या आत, चारशे बारा उत्तरं बाहेर. रिकामी एकसष्ट. त्यांनी ती तीनदा मोजली, जणू मशीन अजूनही त्यांना वाचवेल.

त्या एकसष्ट नावांच्या पांढऱ्या चिठ्ठ्या छापल्या. मजकूर मी लिहिला: 'यांचे रक्त ऑगस्टमध्ये घेतलेले नाही. आधी दिलेली हिरवी चिठ्ठी खोटी आहे.' भाऊ म्हणाले, "खोटी नको लिहू. चुकीची लिही." मी 'खोटी'च ठेवलं. शिक्का आमच्या कंपनीचा मारला. तो गोल नव्हता, चौकोनी होता.

तीन दिवस जिया आणि मी एस. टी. नं आणि जिथं एस. टी. जात नाही तिथं पायी फिरलो. हिरवी घ्यायची, पांढरी द्यायची. वाटलं होतं, लोक सुटकेचा श्वास सोडतील. काहींनी सोडला. एकाच्या आईनं जियाच्या तोंडावरून हात फिरवला. पण काहींनी हिरवी दिलीच नाही. एक जण स्पष्ट म्हणाला, "पांढरीवर काम कोण देते, बाई? तुमची मशीन खोटी बोलली त बोलली, आमच्या कामाची बोलली." त्याचे डोळे लालबुंद होते आणि बोटं वळत नव्हती. जिया त्याच्या ओट्यावर तासभर बसली, पाणी प्यायली, पुन्हा पुन्हा सांगितलं. त्यानं पांढरी खिशात ठेवली आणि हिरवीही ठेवली. अशा चौघांनी ठेवल्या. खोटी चिठ्ठी एकदा हातात गेली की ती माणसाची भाकर होते. छापणाऱ्याला हे कोणी सांगत नाही.

गुलाबसिंगची हिरवी चिठ्ठी मात्र भाऊ स्वतः जाऊन घेऊन आले. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही.

शेवटच्या दिवशी आम्ही मोहिमेच्या डॉक्टरांना गाठलं. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. पांढऱ्या चिठ्ठीची प्रत वाचून ते म्हणाले, "मी नियम दोन आकड्यांचा दिला होता. एकच आकडा दोनदा वापरा असं कुठं लिहिलं होतं?" मग ते संस्थेवर चिडले, आमच्यावर चिडले, शेवटी स्वतःवर. पुढच्या रविवारी दोन खोके नळ्या घेऊन ते स्वतः गावांत गेले. एकसष्टांपैकी छप्पन्न जणांचं रक्त त्या दिवशी घेतलं. मारोतीचं दवाखान्यातच घेतलेलं होतं. तो पंधरा दिवसांनी घरी आला, डावा हात थरथरत असलेला.

संस्थेनं आमच्या कंपनीचं काम काढून घेतलं. कारण दिलं: 'परवानगीशिवाय चिठ्ठ्या वाटल्या.' हे कारण अगदी खरं होतं. न घेतलेल्या रक्ताचे निकाल परवानगीनं वाटले होते.

डॉक्टरांनी मात्र नव्या लिफाफ्यांचा गठ्ठा आमच्याकडेच पाठवला. कोणी सांगितलेलं नव्हतं तरी. तो आला त्या दिवशी नलू आणि भीमराज सकाळच्या एस. टी. नं लोहाऱ्याला आले. चिठ्ठी घरी येईल असं सांगूनही आले. नलूला ते डोळ्यांनी पाहायचं होतं.

जियानं भीमराजचा लिफाफा तिच्या हातात दिला. "उघडा तुमीच."

नलूनं कागद बाहेर काढला, तिला तो वाचता येत नव्हता, तरी पूर्ण पाहिला. मागची बाजूही पाहिली. मग जियानं आकडा भरला आणि खुर्ची जरा बाजूला सरकवली, नलूला पडदा दिसावा म्हणून.

लाल.

भीमराजनं मान खाली घातली. हंगाम अजून दीड महिना होता, मालक सालदाराला बसवून किती दिवस खाऊ घालेल हे सगळ्यांना ठाऊक होतं.

नलूनं कागदाची घडी घातली, लिफाफ्यात परत ठेवली, आणि लिफाफा त्याच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला जिच्यात कधी हिरवी चिठ्ठी होती.

"लाल त लाल," ती म्हणाली. "कोणी पाहून त म्हटलं." मग नवऱ्याच्या दंडाला धरून तिनं त्याला उठवलं. "चला. मालकाले आता मीच सांगते."